काळ्या धुळीतली पांढरी गाडी

तुमच्याकडे पांढऱ्या रंगाची गाडी आहे? मग आज संध्याकाळी एक छोटा प्रयोग करून बघा. फ्रिजवर लावायचं एखादं लोहचुंबक घ्या, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि गाडीच्या टपावर साचलेल्या धुळीच्या अगदी जवळून, रंगाला न टेकवता फिरवा. तुम्ही पुण्या-नाशिकला राहत असाल तर बहुतेक काहीच होणार नाही. आमच्या बीरगावात मात्र पिशवीला काळी मिशी फुटते.

बीरगाव म्हणजे रायपूरच्या उत्तरेचं टोक. आमचा नगर निगम वेगळा आहे, पण रायपूर कुठे संपलं आणि बीरगाव कुठे सुरू झालं हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. शेजारी उरला, थोडं पुढे सिलतरा, दोन्ही औद्योगिक वसाहती. रोलिंग मिल, फर्नेस आणि मुख्य म्हणजे स्पंज आयर्नचे कारखाने. स्पंज आयर्न बनवताना लोखंडाचा दगड वितळवत नाहीत. कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत साधारण १००० अंशांवर भाजतात, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि छिद्राछिद्रांचं लोखंड उरतं. भट्टीचा धूर, कोळशाचे आणि राखेचे ढीग, उघडे ट्रक, या सगळ्यांतून जी काळी पूड उडते ती आमच्या गच्च्यांवर येऊन बसते. आमच्या गल्लीत पापड गच्चीवर वाळत घालत नाहीत. पांढरा शर्ट दोरीवरून काढला की आधी झटकतात, मगच घडी घालतात. अनवाणी गच्चीवर जाऊन आलात तर तळपाय करिया. करिया म्हणजे छत्तीसगढीत काळा.

अशा गावात कुणी पांढरी कॅराव्हॅन घ्यावी का? घेऊ नये. पण घेतली आहे, आणि आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर विलायती सिनेमातली गाडी येते, कारच्या मागे ओढत न्यायची ती. भारतात बहुतेक वेळा ती ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली असते. आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं, आणि तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल मराठी घरांतही बोलणं सुरू झालं. नव्या गाडीला लाखो रुपये लागतात, म्हणून हौशी माणूस जुनी शोधतो. आणि जुनी गाडी घेतली की पहिला प्रश्न असतो बाहेरच्या अंगाचा: हे काळं-पिवळं-हिरवं झालेलं पुन्हा पांढरं होईल का?

आमच्या मागच्या गल्लीत एक काका-काकू राहतात, मूळचे अमरावतीकडचे. काका रोलिंग मिलच्या मेंटेनन्समधून निवृत्त झाले आणि त्यांनी नागपूरच्या एका माणसाकडून फायबर बॉडीची जुनी कॅराव्हॅन घेतली. एकदा अमरकंटक, एकदा चिखलदरा, अशा दोन सहली झाल्या. मग काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं आणि गाडी दोन वर्षं मोकळ्या प्लॉटवर उभी राहिली. या एप्रिलमध्ये एक गिऱ्हाईक आलं. त्याने टायरला लाथ मारून बघितली, अंगावरून बोट फिरवलं आणि जवळजवळ भंगाराचाच भाव सांगितला. काका तयारही झाले होते. काकू म्हणाल्या, "अहो, विकायची तर विका, पण आधी एकदा धुवून तर बघा. चेहरा न बघता मुलगी नापसंत करतात तसं चाललंय तुमचं."

मग त्यांनी मला बोलावलं. मी गाड्यांची तज्ज्ञ नाही, पण गल्लीत "सगळ्यावर लिहिणारी मुलगी" अशी माझी ख्याती आहे आणि मराठी घरात ख्यातीला पुरावा लागत नाही. मी चार दिवस वाचलं, एका बस-बॉडीवाल्या मिस्त्रींना विचारलं आणि मग आम्ही तिघांनी मिळून दोन सकाळी घालवल्या.

आधी फक्त बघा

बादली भरण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. लांबून सगळा एकच मळ वाटतो, जवळून तो चार-पाच प्रकारचा निघतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

सगळ्यात वरची सैल काळी पूड. ही पाण्याने जाते. पण हीच सर्वांत जास्त नुकसान करते, आणि त्याला कारण आपली एक सवय. रोज सकाळी गाडीवर कोरडा कपडा मारणं! राखेत वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, लोखंडाचे कण असतात. काचेवर ओरखडा काढू शकणारी ही पूड कोरड्या फडक्याखाली धरून घासायची म्हणजे पॉलिश पेपर मारण्यासारखंच. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम केसाएवढा जाड असतो. ऊन तिरपं पडलं की काही गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात ना, त्या बहुतेक या कपड्याच्याच. म्हणून बीरगावात, आणि चंद्रपूरसारख्या कोळशाच्या गावातही, नियम एकच: आधी पाणी, मग हात.

दुसरे ते बारीक तपकिरी ठिपके. धुतल्यावरही जात नाहीत, हात फिरवला की खरखर लागते. लोखंडाचा कण रंगावर बसतो, हिवाळ्यातल्या दवाने ओला होतो, तिथेच गंजतो आणि गंजता गंजता रंगाला घट्ट धरतो. परदेशात याला रेल डस्ट म्हणतात. नव्या मोटारी रेल्वेने नेताना चाकं आणि रूळ यांच्या घासण्यातून उडालेले लोखंडाचे कण त्यांच्यावर बसत, त्यावरून ते नाव पडलं. आमच्याकडे रेल्वेची वाट बघावी लागत नाही.

तिसरं, खिडक्यांच्या आणि टपाच्या पन्हळीच्या खाली उतरलेले काळे ओघळ. टपावरची घाण पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर थोडी थोडी खाली येते आणि एकाच वाटेने वाहते. चौथं, सावलीच्या बाजूला रबराच्या बीडिंगमध्ये धरलेलं हिरवं शेवाळ. आणि पाचवा तर मळच नव्हे. ओला काळा कपडा फायबरवर घासा. कपड्यावर खडूसारखी पांढरी पूड आली तर समजा की उन्हाने वरचा थर जळला आहे. रायपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यात दोन-तीन वर्षं उघड्यावर उभी असलेली फायबरची गाडी खडू सोडणारच. हे साबणाने कितीही धुतलं तरी जात नाही, आणि लोक इथेच चुकतात. मळ समजून जोर लावत राहतात.

काकांच्या गाडीवर हे पाचही प्रकार होते. काकूंनी फेरी मारली आणि म्हणाल्या, "हे तर एकादशीच्या फराळासारखं झालं, सगळं थोडं थोडं आहे."

पाणी किती, कुठलं, कसं

सकाळी सहाला सुरुवात करा. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळला की डाग सोडतो, आणि दुपारच्या तापलेल्या सोलरच्या काचेवर गार पाणी मारणंही चांगलं नाही. सोलरची आणि बाहेरून वीज घेण्याची जोडणी आधी बंद करा. बाहेरच्या प्लगचं झाकण, खिडक्या, टपावरच्या पंख्याचं झाकण नीट लावा. फ्रिजच्या आणि गॅसच्या जाळ्यांवर थेट धार नको.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याची ओढ असते. नळी लावून तासभर गाडी धुतली तर शेजारी बोलत नाहीत, फक्त बघतात, आणि ते जास्त लागतं. आम्ही शेतात फवारणीला वापरतात तो १६ लिटरचा पाठीवरचा पंप आणला. नवा होता, कीटकनाशक किंवा तणनाशक कधीच न भरलेला. वापरलेला पंप कितीही धुतलेला असला तरी घेऊ नका. बारीक फवारा मारून गाडीची एक बाजू पूर्ण भिजवायची आणि पाच-सात मिनिटं थांबायचं. हात लावायचा नाही. काळं पाणी आपोआप खाली येऊ लागतं. मग पुन्हा एकदा फवारा. ही पाच-सात मिनिटं थांबणं काकांना सगळ्यात जड गेलं. मेंटेनन्सचा माणूस हात बांधून उभा राहत नाही!

टपावर मात्र फवाऱ्याने भागलं नाही. पन्हळीत दोन वर्षांचा काळा थर बसला होता, आणि पहिल्या पावसाच्या पाण्याने त्याचा चिखल होऊन तो वाळलाही होता. तो आधी भिजवून, प्लास्टिकच्या सुपलीने आणि ओल्या फडक्याने उचलून जुन्या तेलाच्या डब्यात भरला. लोखंडी कालथा, घासणी, वायरचा ब्रश इथे आणू नका. तारेचे तुकडे तुटून रंगात अडकतात आणि तुम्ही स्वतःच नवे गंजाचे ठिपके पेरता.

टपावर चढायचं झालं तर थेट पाय देऊ नका, जाड प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर वजन द्या. फायबरचा टप पत्र्यासारखा आवाज करत नाही, मुकाट्याने तडकतो. ज्यांचे गुडघे दुखतात, चक्कर येते, त्यांनी चढूच नये. घरातले ज्येष्ठ "मला जमतं" म्हणणारच, तेव्हा शिडी आधी लपवून ठेवा. आम्ही लपवली होती.

आता साबण. बादल्या दोन: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फक्त कपडा खळबळायला साधं पाणी. एकाच बादलीत काम केलं की काढलेली पूड पुन्हा गाडीवर जाते. गाड्यांचा शॅम्पू चांगला. नसेल तर एखाद्या वेळी भांड्यांचं लिक्विड चालेल, पण ते जुनं वॅक्सही घेऊन जातं हे लक्षात ठेवा. कपडे धुण्याची पावडर नको, ती क्षारयुक्त असते आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काळवंडतात. साबण खालून वर लावायचा. कोरड्या भागावरून मळक्या साबणाचे ओघळ उतरले की पट्टे राहतात, म्हणून. पाणी मात्र वरून खाली. कपडा सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही.

शेवटच्या धुण्याचं पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे गोल डाग पडतात. पाणी वाचवायचं म्हणून काही घरांत आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी साठवतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. पहिल्या भिजवण्याला ते वापरा, शेवटच्या धुण्याला नको. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षार नसलेलं असतं. दोन-तीन दिवसांत बादलीभर जमतं, आणि खिडक्यांना तेवढं पुरतं. नाहीतर सरळ मायक्रोफायबरच्या कापडाने लगेच टिपून घ्या.

जांभळी गंमत

तपकिरी ठिपक्यांसाठी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आयर्न रिमूव्हर मिळतो. धुतलेल्या, थंड, सावलीतल्या भागावर फवारला की दोन-तीन मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळा रंग पसरतो. लोखंडाशी त्याची क्रिया झाल्याची ती खूण. वास मात्र भयंकर! ओळखीचा वाटेल, कारण केस काढायच्या क्रीममध्ये आणि केस कुरळे करायच्या लोशनमध्ये याच जातीचं रसायन असतं. काकू लगेच म्हणाल्या, "पार्लर उघडल्यासारखं वाटतंय." हातमोजे घाला, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. आधी मागच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. लहान मुलांना जांभळा रंग लांबून बघू द्या, फवारायला देऊ नका.

आमच्या इथे एका फेरीत सगळे ठिपके गेले नाहीत. बॉनेटवरचे आणि दारावरचे बरेचसे गेले, टपाच्या कडेचे राहिले. काका नखाने खरवडायला लागले तेव्हा त्यांना अडवावं लागलं. उरलेल्यांना क्ले बार म्हणजे मऊ मातीसारखी वडी मिळते, ती शॅम्पूच्या पाण्यात बुडवून हलकेच फिरवायची. रंग धड असलेल्या भागावर ती छान काम करते, खडू सोडणाऱ्या फायबरवर नाही.

काय वापरू नये ते जरा जोर देऊन सांगते, कारण ते सगळं घरातच असतं. टॉयलेट क्लीनरने गंज चुटकीसरशी निघतो हे खरं आहे. पण त्यातलं ॲसिड ॲल्युमिनियम आणि स्क्रू खातं. कुणी शेवाळासाठी ब्लीच मारून ठेवलं असेल आणि त्यावर हे ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. ही भीती घालायची गोष्ट नाही, दरवर्षी घराघरांतल्या बाथरूममध्ये अशाने माणसं आजारी पडतात. शेवाळाला मऊ दात-ब्रश आणि साबणाचं पाणी पुरे होतं. ओघळांना थिनर नको, पेट्रोल नको. आणि खिडक्यांच्या बाबतीत तर विशेष जपा. नखाने टिचकी मारा. टणक किणकिण आली तर काच, दबका ठक् आवाज आला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकवर थिनर, स्पिरिट किंवा अमोनियाचा ग्लास क्लीनर गेला की काही वेळाने आतून बारीक तडे दिसायला लागतात आणि ते कशानेही जात नाहीत.

जोराची धार

"एवढं कशाला, वॉशिंग सेंटरवर नेऊन जेट मारून आणू," हा पर्याय सगळ्यांच्याच मनात येतो. काकांच्याही आला होता, कारण उभी ठेवण्याआधी एकदा त्यांनी तसंच केलं होतं. गाडी स्वच्छही निघाली होती.

मोटारीचे पत्रे वेल्ड करून एकसंध केलेले असतात. कॅराव्हॅन मात्र जोडलेली असते. टप वेगळा, भिंती वेगळ्या, खिडक्या कापून बसवलेल्या, टपाला पंख्यासाठी आणि वायरींसाठी पाडलेली भोकं. प्रत्येक सांध्यावर सीलंट असतो आणि तो उन्हाने वाळतो, आक्रसतो, तडकतो. जेटची धार जवळून त्या फटीवर पडली की पाणी पावसाला कधी जमलं नसतं इतकं आत जातं. बाहेर काही दिसत नाही. आत प्लायवूड पाणी पितं, मग सुजतं, मग कुजतं. काकांच्या गाडीत आधीपासून फट होती की जेटने मोठी केली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. जेट वापरायचाच असेल तर लांबून, पसरट धारेने, आणि सांधे, बीडिंग, जाळ्या सोडून. चाकांना आणि खालच्या चासीला खुशाल मारा.

या गाडीची किंमत खरं तर टपावर ठरत होती आणि गिऱ्हाइकाने टप बघितलाच नव्हता. पन्हळीतला काळा थर निघाल्यावर पंख्याच्या चौकटीभोवतीचा सीलंट दिसला. सुकलेल्या तलावाच्या तळासारख्या भेगा. एका कोपऱ्यात तर पोस्टकार्ड शिरेल एवढी फट. ती त्या चिखलानेच बुजली होती आणि तिथेच ओल धरून बसली होती. आत जाऊन पलंगाच्या वरचं छत बोटाने दाबलं. तीन ठिकाणी घट्ट होतं, चौथ्या ठिकाणी बोट पावात रुतावं तसं रुतलं. काका काही बोलले नाहीत. पलंगावर बसून त्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा कुबट वास गादीचा नव्हता."

तुमची गाडी कॅराव्हॅन नसेल, साधी ओम्नी असेल, टपावर कॅरिअर बसवलेली जीप असेल, तरी हे करून बघा. धुतल्यावर प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रू उजेडात बघा. आतून कोपरे बोटाने दाबा, नाकाने वास घ्या. टॉर्च आतून तिरका धरला की सुजलेलं प्लाय लाटेसारखं दिसतं. एप्रिल-मे यासाठी चांगले. आमच्याकडे जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि एकदा तो आला की काही सुकत नाही, काही चिकटत नाही.

फट बुजवताना बहुतेक जण जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन ओढतात. ते धरत नाही. जुनं पूर्ण खरवडून काढा, तेही प्लास्टिकच्या पट्टीने. जागा दोन-तीन दिवस कडक उन्हात सुकू द्या, मग बस-बॉडीवाले वापरतात तो पीयू सीलंट लावा. कोपरा मऊ पडला असेल तर वरून बुजवून ओल आत कोंडू नका. आधी आतलं प्लाय उघडून सुकवावं किंवा बदलावं लागतं, आणि ते मिस्त्रीचं काम आहे.

चमक हवीच असेल तर

खडू सोडणाऱ्या फायबरला रबिंग पॉलिशने वरचा जळलेला थर काढून खालचा चांगला थर उघडा करतात. जमतं, आणि फरक इतका दिसतो की माणूस खूश होऊन पुढच्या वर्षी पुन्हा करतो. पण फायबरवरचा तो रंगीत थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो आणि दर वेळी थोडा संपतो. एकदा नीट रबिंग करा, त्यावर वॅक्स लावा, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी फक्त वॅक्स. वॅक्स असलं की आमची काळी पूड चिकटून बसत नाही, पाण्याबरोबर उतरते. बीरगावात वॅक्सचा खरा उपयोग हा, चमक ही वरची साय.

कव्हर घालावं का, हे मला तीन जणांनी विचारलं. धुळीच्या गावात उघड्यावर उभ्या गाडीला ताडपत्री घालू नका. वारा ती दिवसभर हलवतो, खाली अडकलेली पूड रंगावर घासत राहते, आणि पावसाळ्यात आत वाफ धरते. चार खांबांवर पत्र्याचं छप्पर सगळ्यात बरं, ऊनही अडतं. ते शक्य नसेल तर उघडी ठेवा आणि पंधरा दिवसांनी फवारा मारा. कोकणात समुद्राजवळ असाल तर पंधरा दिवसही थांबू नका, मिठाचं पाणी गोड्या पाण्याने धुवून टाका. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ दव पडायच्या आत उडवा, एकदा ओली होऊन घट्ट झाली की ती निघत नाही.

विलायतेत १८८५ मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरांनी हौसेने फिरायला म्हणून घोड्यांची कॅराव्हॅन बांधून घेतली होती, महोगनी आणि मेपल लाकडाची. तिचं नाव वाँडरर, आणि ती अजून जपून ठेवली आहे. लाकूड एवढं टिकतं याचं मला आश्चर्य वाटलं. काकांना नाही वाटलं. "तिच्या टपाला पंखा नव्हता ना," एवढंच ते म्हणाले.

हे सगळं करताना तोंडाला एन-९५ मास्क लावा, डोळ्यांना चष्मा. हे मी गाडीसाठी नाही, तुमच्यासाठी सांगते. आम्ही दोन सकाळींमध्ये त्या टपावरून जवळजवळ अर्धा डबा काळा गाळ काढला. एका गाडीच्या टपाचं क्षेत्रफळ ते केवढं! शेजारच्या शाळेचं मैदान किती मोठं आहे याचा विचार मी तेव्हा केला आणि मग काही वेळ कुणाशी बोलले नाही. कारखान्यांनी धूळ पकडायची यंत्रं नीट चालवावीत, ट्रकांवर ताडपत्री घालावी, रस्त्यांवर पाणी मारावं, हे सगळं नियमांत आहे. ताडपत्रीची खरी जागा तिथे आहे. गाडी धुवायचे दहा उपाय मी तुम्हाला सांगू शकते, पण दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते यात आम्हा राहणाऱ्यांचा काही दोष नाही, हेही याच लेखात लिहून ठेवते.

तो गाळ नाल्यात ओतू नका. आमचे नाले खारून नदीला मिळतात, आणि रायपूर पाणी पितं ते खारूनचंच. डब्यात तो खाली बसू द्या, वरचं पाणी मोकळ्या जमिनीत जिरवा, वाळलेली पूड पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. आयर्न रिमूव्हर मारल्यानंतरचं पाणी झाडांना नको.

काकांनी गिऱ्हाइकाला अजून "हो" म्हटलेलं नाही आणि "नाही"ही म्हटलेलं नाही. पॉलिशसाठी काढून ठेवलेले पैसे त्यांनी छताच्या प्लायकडे वळवले आहेत, मिस्त्री येत्या आठवड्यात उघडून बघणार आहेत. कुजकं लाकूड हातभर असेल तर गाडी राहील, पलंगभर असेल तर जाईल, असं काकूंनी ठरवलं आहे. तोपर्यंत गाडी डाव्या बाजूने पांढरी आहे आणि उजव्या बाजूने, जिथे सकाळचं ऊन लवकर येतं म्हणून आमचं काम अर्धं राहिलं, तिथे अजून राखाडी. पुढच्या रविवारी सहाला पंप भरायचा आहे. रायपुरात असाल तर जुने कपडे घालून या.